अंगणवाडीतली भागीदारी : भिंत रंगवली, पुढे काय?

'पीपीपी' हा शब्द आपल्याला नवा नाही. सिव्हिलवाल्यांना तर तो तोंडपाठ असतो. सार्वजनिक-खासगी भागीदारी! रस्ते, पूल, बसस्थानकं, विमानतळ यांच्या संदर्भात आपण तो वाचतो, व्हायव्हात सांगतो आणि परीक्षा संपली की विसरतो. पण हीच भागीदारी रस्त्याऐवजी तीन वर्षांच्या मुलासाठी करायची झाली, तर काय होतं? या लेखाचा विषय तोच आहे.

विषय निवडण्याचं कारण साधं आहे. मी लोणारची. होय, तेच उल्कापाताच्या सरोवराचं लोणार, जिथलं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं आणि सगळ्या चॅनेलवर झळकलं. आमच्या तालुक्यात सरोवर बघायला येणारे खूप, पण त्याच रस्त्यावरच्या गावातली अंगणवाडी बघायला कोणी थांबत नाही. माझी मावशी अशाच एका गावात अंगणवाडी सेविका आहे. मी स्वतः मात्र कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे या लेखात इंग्रजी शब्द डोकावले तर समजून घ्यावे ही विनंती.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे, म्हणजे वऱ्हाडात, 'कॉन्व्हेंट' म्हणायला नन्स लागत नाहीत. दोन खोल्या, टाय आणि 'ए फॉर ॲपल' असलं की झालं कॉन्व्हेंट! त्यामुळे कितीतरी गावांत मुलाचं नाव अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये असतं आणि मूल मात्र ऑटोत बसून कॉन्व्हेंटला जातं. आई-वडिलांना आहार सरकारी चालतो, पण शिक्षण खासगी हवं असतं. म्हणजे सरकारी आणि खासगी दोन्ही एकाच मुलाच्या आयुष्यात आधीच आहेत. फक्त त्यांच्यात भागीदारी नाही, वाटणी आहे.

पीपीपी म्हणजे नेमकं काय?

आधी आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' म्हणजेच बीओटी. कंपनी पैसा घालते, रस्ता बांधते, ठरावीक वर्षं टोल घेते आणि मग रस्ता सरकारला परत करते. याचेच पुढे अनेक प्रकार झाले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाने बांधून घेतला आणि २००४ मध्ये १५ वर्षांच्या टोलवसुलीचं काम ९१८ कोटी रुपये एकरकमी घेऊन खासगी कंपनीला दिलं.

अशा करारात तीन गोष्टी स्पष्ट असतात. पहिली, काम मोजता येतं : किती किलोमीटर, किती लेन, डांबराचा थर किती. दुसरी, धोका कोणाचा हे कागदावर असतं. वाहनं कमी आली तर नुकसान कोण सोसणार, हे आधीच लिहिलेलं असतं. तिसरी, काम वाईट झालं तर ओरडणारे असतात. खड्डा पडला की ड्रायव्हर टोलनाक्यावर भांडतो, पेपरात फोटो येतो.

आता हे तीनही मुद्दे अंगणवाडीला लावून बघा. काम मोजायचं कसं? मूल हुशार झालं हे कळायला वर्षं जातात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९६२ मध्ये पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग सुरू झाला. त्यातली १२३ मुलं चाळिशीची होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा कळलं की बालवाडी मिळालेल्या मुलांची कमाई जास्त आहे आणि अटकेचं प्रमाण कमी आहे. इतकी वर्षं थांबायला कोणता कंत्राटदार तयार होईल? धोका कोणाचा? संस्था मध्येच निघून गेली तर मुलाचं गेलेलं वर्ष परत येत नाही. आणि ओरडणार कोण? तीन वर्षांचं मूल तक्रार अर्ज लिहीत नाही.

म्हणून इथे भागीदारी नकोच असं म्हणायचं का? तसं नाही. उलट, अंगणवाडीचा जन्मच एका खासगी संस्थेच्या कामातून झालेला आहे.

अंगणवाडी आली कुठून?

गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. तिथे त्यांच्याबरोबर ताराबाई मोडक आल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरीबाईंची पद्धत भारतीय मुलांसाठी वळवून घेणं हे या मंडळींचं काम. पण शहरातल्या बालमंदिरात येणारी मुलं खाऊन-पिऊन सुखी घरची होती. गावातल्या गरीब मुलांचं काय, हा प्रश्न ताराबाईंना पडला आणि १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजच्या पालघर जिल्ह्यातला हा डहाणू तालुका, वारली आदिवासींचा भाग.

तिथे अडचण अशी आली की शाळा होती पण मुलं येत नव्हती. कारण सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळत होती आणि मुलगा गुरं राखत होता. मग ताराबाई-अनुताईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. तीच अंगणवाडी! गुरं चरतात तिथे जाऊन शिकवलं, ती कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी बिया, पानं, शिंपले, खडे वापरले. मोजायला शिकायचं तर चिंचोके पुरेसे आहेत, त्यासाठी इंपोर्टेड लाकडी मणी लागत नाहीत.

इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर हा 'डिझाइन'चा टप्पा होता. एका छोट्या संस्थेने वर्षानुवर्षं प्रयोग करून, चुका सुधारून, स्वस्त आणि टिकाऊ डिझाइन तयार केलं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, हे काम पुढे नेलं.

मग सरकार आलं

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात देशातल्या फक्त ३३ प्रकल्पांत आणि ४,८९१ केंद्रांत. त्या ३३ मध्ये आपल्या विदर्भातलं, मेळघाटातलं धारणी होतं. केंद्राचं नाव ठेवलं अंगणवाडी. सेवा सहा : पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, मोठ्या दवाखान्यात पाठवणं आणि आईला आहार-आरोग्याची माहिती.

आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार. कोसबाडच्या टेकडीवरून कोणतीही संस्था, कितीही पैसेवाली असो, १ लाख १० हजार गावं-पाडे-वस्त्या गाठू शकली नसती. ते सरकारच करू शकतं. आणि चिंचोक्याने शिकवायचं कसं, हे मंत्रालयात बसून कोणाला सुचलं नसतं. ते कोसबाडच करू शकतं. माझ्या मते भागीदारीचा खरा अर्थ इथे सापडतो. ज्याला जे जमतं ते त्याने द्यायचं.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र कलम ४५ मध्ये 'राज्याने प्रयत्न करावा' इतकंच आलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही पूर्वप्राथमिकची सोय सरकार 'करू शकेल' अशी भाषा आहे. हक्क नाही, प्रयत्न! २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. ही जी मोकळी जागा राहिली, तिच्यातच एकीकडे कॉन्व्हेंट उगवली आणि दुसरीकडे भागीदारीच्या योजना आल्या.

भागीदारीचे चार नमुने

महाराष्ट्रात आतापर्यंत जे झालं त्याचे मी अभ्यासासाठी चार भाग केले आहेत.

१) ज्ञानाची भागीदारी. आमच्या शेजारचा तालुका सिंदखेडराजा, जिजाऊंचं जन्मस्थान. त्यांच्याच नावाने मार्च २००५ मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. सरकारचं मिशन आणि युनिसेफची साथ. यात नव्या इमारती नव्हत्या. एकही मूल न सोडता सगळ्यांचं वजन करा, रिकामी पदं भरा, आकडे लपवू नका, असा साधा आग्रह होता. पुढच्या टप्प्यात गर्भारपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच्या पहिल्या १,००० दिवसांवर भर दिला. २००५-०६ मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुलं सुमारे ३९ टक्के होती. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात ती सुमारे २४ टक्के आढळली. याचं सगळं श्रेय एका मिशनला देता येणार नाही, कारण त्या काळात उत्पन्न, रस्ते, दवाखाने हेही सुधारत होते. पण वजनकाटा नीट वापरला तर काय होतं हे त्यातून दिसतं.

२) वस्तीची भागीदारी. १९९४-९५ च्या सुमारास मुंबईत 'प्रथम' ही संस्था उभी राहिली. महापालिका, युनिसेफ आणि शहरातले नागरिक-उद्योजक असे तीन पाय. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे ही तिच्या संस्थापकांतली नावं. त्यांनी बालवाडीसाठी इमारत बांधायची वाट बघितली नाही. कोणाच्या घराची खोली, देवळाचा ओटा, मंडळाचं ऑफिस, जी जागा मिळेल तिथे बालवाडी भरली. शिकवायला त्याच वस्तीतली तरुण मुलगी. काही वर्षांत मुंबईत अशा बालवाड्यांची संख्या हजारांत गेली. खर्च कमी, कारण खर्च फक्त माणसावर होता.

३) पुरवठ्याची भागीदारी. इथे धडा कडू आहे. अंगणवाडीच्या एका मुलाच्या आहारासाठी २०१७ मध्ये दिवसाला ८ रुपये हा दर ठरला. वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका मुलामागे २,४०० रुपये. आकडा चहाच्या टपरीसारखा वाटतो ना? पण याला राज्यातल्या लाखो मुलांनी गुणा, मग कळेल की मोठ्या पुरवठादारांना यात रस का असतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात स्पष्ट सांगितलं होतं की अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नकोत, गावातले बचत गट आणि महिला मंडळं यांना काम द्या. तरी प्रश्न मिटला नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये घरपोच आहारासाठी काढलेली निविदा फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण तिच्या अटी अशा होत्या की लहान बचत गट बाहेर पडतील आणि मोठे पुरवठादार आत येतील. म्हणजे कागदावर 'महिला संस्था' लिहिलं म्हणून ती गावातल्या बायांची होत नाही. निविदेतली उलाढालीची एक अट कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर काढते, हे आपण इंजिनिअर लोकांनी तरी वाचायला शिकलं पाहिजे.

४) इमारतीची भागीदारी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं आणि अंगणवाड्यांकडे कंपन्यांचं लक्ष गेलं. वेदांताने २०१५ मध्ये केंद्र सरकारशी ४,००० 'नंद घर' बांधण्याचा करार केला : सोलर पॅनेल, टीव्ही, शौचालय, पिण्याचं पाणी, आणि अर्धा दिवस मुलांना तर अर्धा दिवस बायांच्या प्रशिक्षणाला. महाराष्ट्रातही २०२२-२३ मध्ये अंगणवाडी दत्तक घेण्याचं धोरण आलं. कंपनी, संस्था किंवा व्यक्ती अंगणवाडी दत्तक घेऊन तिला सुविधा देऊ शकते.

यात वाईट काही नाही. गळकं छप्पर दुरुस्त झालं, शौचालय झालं, तर कोणाला नको आहे? पण इमारत फोटोत दिसते, म्हणून सगळ्यांची उडी तिच्यावरच पडते. आणि निवडीचाही प्रश्न येतो. दत्तक घेणारा स्वतः गाव निवडणार असेल तर तो हायवेजवळचं, गाडी जाईल असं गाव निवडणार. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. त्याच्या कडेच्या गावाला पाहुणे लवकर भेटतील. जिथे पावसाळ्यात एसटी बंद होते त्या गावाचं काय? टोलरस्त्याच्या करारात वाहनं नसलेला पट्टा कोणी मागत नाही, तसंच हे आहे.

सेविकेचा दिवस

आता मूळ मुद्द्याकडे येते. माझी मावशी सकाळी अंगणवाडी उघडते. मदतनीस मुलांना बोलवायला वस्तीत जाते. प्रार्थना, गाणी, मग आहाराचं वाटप. मध्येच कोणाची आई येते, बाळाचं वजन करून द्या म्हणते. लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई येतात, त्यांची यादी काढायची. गरोदर बायांच्या घरी भेटी. मोबाईलवर हजेरी, आहार, उंची, वजन भरायचं. सर्व्हे आला की सर्व्हे, निवडणूक आली की मतदारयादी. मी सुट्टीत एकदा तिला विचारलं, "मावशी, मुलांना शिकवतेस कधी?" ती म्हणाली, "बाई, शिकवायचंच तर राहून जातं. पोरं समोर बसलेली असतात आन् मी मोबाईलमध्ये असते."

हे एकटीचं दुखणं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. फोन जुने, मेमरी कमी, आणि माहिती भरायचं 'पोषण ट्रॅकर' ॲप इंग्रजीत! कॉम्प्युटर आणि आयटीच्या मित्रांनो, इथे जरा थांबा. वापरणारी बाई मराठीत विचार करते, हे ज्याने ॲप बनवलं त्याच्या रिक्वायरमेंटमध्ये का आलं नसेल? आपण युजर, युजर म्हणतो ना, ती युजर हीच आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि जानेवारी २०२४ पर्यंत अंगणवाड्या बंद राहिल्या. त्यांच्या कामाला पगार नाही, 'मानधन' म्हणतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, म्हणजे हे काम नुसती समाजसेवा नाही हे न्यायालयानेही मानलं.

मग शिकवायचा वेळ वाढवला तर फरक पडतो का? याचं उत्तर तमिळनाडूत मिळालं आहे. गनिमियन, मुरलीधरन आणि वॉल्टर्स या तीन अभ्यासकांनी ३२० अंगणवाड्या घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यातल्या निम्म्या निवडल्या आणि तिथे फक्त पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी अर्धवेळ जादा बाई नेमली. साधारण दीड वर्षात काय झालं? शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. मुलांची भाषा आणि गणित सुधारलं. आणि गंमत म्हणजे कुपोषणही कमी झालं, कारण जुन्या सेविकेला आहार-आरोग्याच्या कामाला वेळ मिळाला. त्यासाठी टीव्ही लागला नाही की नवीन बिल्डिंग. एक माणूस जादा लागला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे : अंगणवाडीतल्या कोणत्याही भागीदारीचं मोजमाप एकच ठेवावं. तिच्यामुळे बाईंचा मुलांसोबतचा वेळ वाढला की कमी झाला? रस्त्याला जसा किलोमीटर, तसा अंगणवाडीला हा तास. भिंत रंगवली, टीव्ही लावला, पण त्याचे फोटो आणि रिपोर्ट पाठवायचं काम बाईंच्याच गळ्यात पडलं, तर आपण मदत केली नाही, मुलांचा वेळ काढून घेतला.

साइटवरचं पाळणाघर

आता एक भागीदारी अशी, जी आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या थेट वाट्याला येणार आहे. अंगणवाडी दिवसात काही तासच चालते. आई मात्र सोयाबीनच्या सोंगणीला किंवा कापूस वेचायला सकाळीच जाते आणि संध्याकाळी येते. उरलेला वेळ मूल कोणाकडे? बहुतेक वेळा मोठ्या बहिणीकडे. म्हणजे ताराबाईंना बोर्डीत दिसलेली मुलगी अजून तिथेच उभी आहे. केंद्राने २०२२ मध्ये 'पाळणा' योजना आणून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरवलं ते यासाठीच.

गावातून पोट भरायला शहरात गेलेल्या बायांचं तर आणखी कठीण. त्या बांधकामाच्या साइटवर असतात आणि मूल वाळूच्या ढिगावर. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत साइटवरच पाळणाघर सुरू केलं, ते मोबाईल क्रेश. इथे मोबाईल म्हणजे फोन नव्हे, फिरतं. इमारत पूर्ण झाली की मजूर हलतात आणि पाळणाघरही त्यांच्याबरोबर हलतं. १९७२ पासून हे काम मुंबईत आलं, पुढे पुण्यातही सुरू झालं. पद्धत अशी : बिल्डर जागा, पाणी, वीज आणि खर्चाचा काही भाग देतो, संस्था प्रशिक्षित बाया देते, सरकारी दवाखाना लसी देतो. तीन भागीदार, आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं.

हे उपकार म्हणून नाही बरं का! १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३५ नेच ज्या ठिकाणी ५० पेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली, आणि त्या खोलीत मुलांची काळजी घेणारी प्रशिक्षित बाई असलीच पाहिजे, असं बंधन घातलं होतं. आपल्यातले किती जण दोन-तीन वर्षांत साइट इंजिनिअर होतील? बार बेंडिंग शेड्यूल आपण बघू, क्यूब टेस्ट बघू. ही खोली बघायची हे आपल्याला कोण सांगणार? आणि मजूर कमी दाखवायचे की खरे लिहायचे, हा प्रश्नही हजेरीच्या कागदावर आपल्याच समोर येईल.

दत्तक घेण्याआधी तीन प्रश्न

आपलं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर दरवर्षी कुठल्यातरी गावात जातं. अंगणवाडीची भिंत रंगवणं हा आपला आवडता कार्यक्रम. भिंतीवर मिकी माऊस, आंबा, वाघ आणि खाली कॉलेजचं नाव. मी ते बंद करा म्हणत नाही. पण ब्रश हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारावेत असं मला वाटतं.

पहिला प्रश्न : सेविकाबाईंना काय हवं आहे, हे त्यांना विचारलं का? सरपंचांना नाही, बाईंना. कदाचित त्यांना रंग नको असेल, वजनकाटा दुरुस्त करून हवा असेल. इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलांना ते एका दुपारचं काम आहे. चुकीचा काटा म्हणजे कुपोषित मूल यादीतून सुटणं, हे लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न : आपण गेल्यावर हे कोण चालवणार? सोलर पॅनेलची बॅटरी संपली तर पैसे कोणाचे? बीओटीच्या करारात देखभालीचं पान असतं. आपल्या सेवेतही ते असावं. दोन पानांचा कागद करा, त्यावर ग्रामपंचायत, सेविका आणि कॉलेज तिघांच्या सह्या घ्या. सात दिवसांऐवजी पाच वर्षं, आणि पाच गावांऐवजी एकच गाव.

तिसरा प्रश्न : यामुळे बाईंचा मुलांसोबतचा वेळ किती वाढेल? सर्व्हेचा डेटा भरायला मदत, मोबाईल दुरुस्ती, रजिस्टरचं साधं मराठी एक्सेल शीट, चिंचोके-बिया-ठोकळे यांचा संच, आठवड्यातून एक दिवस गोष्ट सांगायला येणारा विद्यार्थी : यातलं काहीही रंगापेक्षा स्वस्त आहे आणि बाईंचे तास वाचवणारं आहे.

कोणी म्हणेल, हे सगळं सरकारचं काम आहे, आपण का करायचं? बरोबर आहे. सेविकेची रिकामी जागा भरणं, आहाराचा दर वाढवणं, मानधन वेळेवर देणं हे सरकारचंच काम, आणि ते आपण अंगावर घेऊ नये. कोणतीही भागीदारी सरकारला त्यातून सुटका देत असेल तर ती भागीदारी नाही, पळवाट आहे. पण कोसबाडने सरकारची वाट बघत बसणं पसंत केलं असतं, तर सरकारला १९७५ मध्ये उचलायला काही मिळालंच नसतं.

शेवटी एवढंच सांगते. कॉन्व्हेंटमध्ये मला टाय मिळाला, बेंच मिळाला, राइम्स मिळाल्या. माझ्या मावशीच्या अंगणवाडीतल्या मुलांना त्याहून चांगलं मिळू शकतं, कारण त्यांची बाई त्यांच्याच भाषेत बोलते, त्यांच्या घरी जाते, त्यांच्या आईला नावाने ओळखते. तिला फक्त मुलांसाठी वेळ मिळाला पाहिजे. येत्या शिबिराची मिटिंग होईल तेव्हा रंगाच्या डब्यांची यादी करण्याआधी हा मुद्दा कोणीतरी मांडावा. कोणी मांडला नाही तर मी मांडणार आहेच. पाठिंबा द्यायला या!